भुरीला सोडायला गेले होते

त्या उन्हाळ्यात मी महादेवाशी अबोला धरला होता. दिवा लावत होते, बेल वाहत होते, पण बोलत नव्हते. घरातल्या कुत्रीच्या खाजेपायी कोणी देवाशी भांडतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही तेव्हा लाजच वाटायची, म्हणून ही हकीकत मी आजवर कोणाला धड सांगितली नाही. आता नात शाळेत जायला लागली, माझी साठी उलटली. आता लपवून तरी काय करायचं!

आमचं घर भंडाऱ्यात, विणकरांच्या गल्लीत. पिढ्यान् पिढ्या कोशाच्या रेशमाचं काम. आमचे हे मागावर बसतात, आणि कोसे उकळून त्यांची तार काढायचं काम माझं. कोसा म्हणजे जंगलातल्या रेशीमकिड्याचं घर, सुपारीसारखं टणक. सोड्याच्या पाण्यात चांगलं उकळल्याशिवाय त्याची तार सुटत नाही. रोज सकाळी परसात चूल पेटवायची, हंडा चढवायचा, कोसे शिजले की काढून घ्यायचे आणि उरलेलं तपकिरी पाणी मागच्या भिंतीपाशी ओतून द्यायचं. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी हीच जागा दाखवली होती. तिथे गवताचं पातंही उगवत नसे, त्यामुळे झाडायला बरं पडायचं.

भुरी ही आमच्या लेकीची कुत्री. कॉलेजातून येताना ओढणीत गुंडाळून एवढंसं पिल्लू तिने घरात आणलं आणि मला दाखवण्याआधी दूध पाजून मोकळी झाली. तुपात परतलेल्या रव्याचा असतो तसा तिचा रंग, म्हणून नाव भुरी. मी सुरुवातीला पुष्कळ कटकट केली. देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकला तर बघ, असं तिला रोज सुनावत होते आणि ती शेपटी हलवून ऐकून घेत होती. लेकीला सिहोऱ्याला दिली, तेव्हा भुरी आठ दिवस तिच्या खोलीच्या दाराशी पडून राहिली. मग एका सकाळी उठली आणि परसात माझ्याजवळ येऊन बसली. त्या दिवसापासून तिचा मुक्काम माझ्यापाशीच. मी तार काढत असले की ती समोर, आणि ऊन चढलं की मागच्या भिंतीजवळच्या ओल्या गारव्यात. रिकाम्या घरात मलाही तिच्याशिवाय दुसरं कोण होतं बोलायला? हे तर माग सोडून काही बोलत नाहीत.

लेकीच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात भुरीच्या पोटावर लाली दिसली. मग केस गळू लागले. आधी पोट, मग डावी कूस, मग मांड्यांची आतली बाजू. चैत्र संपेपर्यंत तिचं अर्धं अंग उघडं पडलं होतं. कातडी जाड झाली, खपल्या धरू लागल्या, वास यायला लागला. दिवसभर खाजवायची, चावायची, रक्त काढायची. मी कडुनिंबाच्या पाण्याने तिला धुतलं. हळद-तेल लावलं. शेजारीण म्हणाली, गाडीतून काढलेलं जळकं ऑइल लाव, खरूज जळून जाते. मी शहाणीने तेही लावलं. भुरीने ते चाटलं आणि दोन दिवस ओकत राहिली. तेव्हा कुठे तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर भले होते, पण ऑइलचं ऐकून मला चांगलंच फैलावर घेतलं. "बाई, कुत्री अंग चाटते, हे मालूम नाही का तुमाले? पोटात जाऊन मरन ते!" त्यांनी तिला धुऊन काढलं, इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "ही झोपते कुठं?"

"घरातच, सायेब," मी सांगितलं. परसात चिखलात पडते म्हटलं तर डॉक्टर मला आणखी बोलतील, या भीतीने सांगितलं. त्यांनी तिला आठवडाभर समोरच्या ओट्यावर बांधून ठेवायला आणि पंधरा दिवसांनी परत आणायला सांगितलं.

त्या आठवड्यात भुरी सुधारली. मी मनात म्हटलं, इंजेक्शन-बिंजेक्शन ठीक आहे, पण हे माझ्या सोमवारांचं फळ. कारण मी महादेवाला भुरीसाठी सोळा सोमवार बोलले होते. हसू येतं आता, पण तेव्हा मी फार गंभीर होते. आठवडा संपला, तिला मोकळी सोडली आणि चार दिवसांत पोट पुन्हा लालभडक. मी डोक्याला हात लावून बसले. कुठे चुकलं? आठवून आठवून आठवलं, की एका सोमवारी चुकून साध्या मिठाचे बटाटे खाल्ले होते. चिमूटभर मिठासाठी हा देव एका मुक्या जीवाची कातडी सोलतो, असं वाटून मी त्याच्यावर रुसले. डॉक्टरांवरही रुसले आणि पुन्हा त्यांच्याकडे गेले नाही. माझा स्वभावच तसा. लवकर भरवसा ठेवायचा आणि त्याहून लवकर काढून घ्यायचा.

वैशाखात लेकीचा निरोप आला. पहिलं बाळंतपण, गुरुवारी ती माहेरी येणार. मी शेवया, डिंक, बाळाच्या दुपट्यांच्या मागे लागले. मंगळवारी दुपारी हे माग थांबवून परसात आले. हे माग थांबवतात म्हणजे काहीतरी मोठंच असतं.

"पोरगी परवा येऊन राहिली," हे म्हणाले. "लेकराच्या अंगाले हे खरूज लागली त कोणाले सांगशीन?"

"पोरीनंच आणली व्हती ते," मी म्हटलं. "तिले काय सांगू?"

"पळून गेली म्हणून सांगजो. कारध्याच्या आंगानं सोडून ये. नदी हाय, मासोळ्या हायेत. जगन कशीतरी."

मी रडले नाही, भांडलेही नाही. खरं सांगायचं तर, दोन दिवसांपासून माझ्याही मनात तेच घोळत होतं. कोणीतरी बोलायचं तेवढं बाकी होतं. ते यांनी बोलून टाकलं आणि मला हलकं वाटलं. हे लिहिताना आजही बोटं अडखळतात.

बुधवारी दुपारी चार पोळ्या फडक्यात बांधल्या आणि भुरीला घेऊन रिक्षाने वैनगंगेपलीकडे कारध्याला गेले. पूल ओलांडून रिक्षा सोडून दिली आणि काठाकाठाने खाली उतरले. पाणी आटून नदी मधल्या धारेपुरती उरली होती. वाळूवर मासेमारीचे दोन लाकडी डोंगे उलटे टाकलेले, जरा पुढे एका झाडाच्या सावलीत एक बाई मांडीवर जाळं घेऊन त्याची भोकं शिवत बसली होती. भुरी थेट पाण्यात गेली आणि पोट बुडेल इतक्या पाण्यात बसली. डोळे मिटले तिने. कितीतरी दिवसांत मी तिला अशी निवांत पाहिली नव्हती. मी पोळ्या दगडावर ठेवल्या आणि पाठ फिरवून भराभर चालू लागले.

"ओ बाई! कुत्री राहिली ना तुमची!"

मी थांबले. चोरी करताना पकडावं तशी मी पकडली गेले होते. "राहू द्या," मी म्हटलं.

"काहून?"

"खरूज झाली तिले. घरी लेकरू येऊन राहिलं."

त्या बाईने जाळं बाजूला ठेवलं. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असेल, काळीसावळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. ती पाण्यात शिरली, भुरीला चुचकारलं आणि बिनदिक्कत तिचा पाय वर करून पोट पाहिलं. मग कान उलटे करून पाहिले.

"हे खरूज नाही वं बाई," ती म्हणाली. "खरूज कानापासून धरते. इचे कान त कसे मस्त हायेत. पोटच गेलं, अन् डावी कूस. कशात लोळते हे?" तिने माझ्याकडे वर पाहिलं. "तुमी काय काम करता?"

"कोशाचं."

"हात दाखवा."

मी हात पुढे केले. तिने माझा उजवा हात धरला, उलटा केला आणि भुरीच्या पोटाशेजारी नेऊन धरला. बोटांच्या बेचक्यांतली लाली, सोललेली कातडी, त्या बारीक चिरा. तशीच लाली आणि तशाच चिरा खाली भुरीच्या पोटावर. बायांचे हात असेच होतात, म्हणून तीस वर्षं मी रोज खोबरेल चोळून ते विसरून गेले होते. रोज सकाळी देवापुढे तेच हात जोडत होते, आणि ते पाहावेत असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

"एकच हाय हे," ती म्हणाली. "सोड्यानं खाल्लं. माझं माहेर आसगावचं. लग्नाआधी पवनीले कोशाच्या कामाले जात होती मी. असेच हात झाले व्हते माहे. काम सुटलं, हात बरे झाले. तुमी ते पाणी कुठं टाकता?"

मी तिथेच ओल्या वाळूत बसले. सगळं एकदम समोर उभं राहिलं. मागची भिंत, गवत न उगवणारी जागा, ऊन चढलं की त्या ओल्या मातीत पोट टेकून पडणारी भुरी. ओट्यावर बांधली तेव्हा ती तिथे जाऊ शकत नव्हती, म्हणून सुधारली होती. ही कुठं झोपते, असं डॉक्टरांनी विचारलं होतं, आणि मी खोटं बोलले होते. सोमवारामागून सोमवार मी महादेवाला म्हणत होते की हिची आग शमव, आणि त्याच हातांनी सकाळी उठून मीच ते पाणी ओतत होते. देव काय करील हो अशा भक्ताचं! मी मोठ्याने रडले. त्या बाईने मला रडू दिलं आणि पुन्हा जाळं घेऊन बसली.

परत येताना रिक्षा केली नाही. जुन्या पुलावरून चालत आले, भुरी माझ्या सोबत. घरी यांना सगळं सांगितलं. हे मागावरून उठले, फावडं घेतलं आणि मागच्या भिंतीजवळची कंबरभर माती उकरून टाकली, वर नदीची वाळू आणून भरली. सोड्याच्या पाण्यासाठी झाकणाचा खड्डा केला. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी भुरीला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि खरं सांगितलं. त्यांनी तिला पुन्हा नीट तपासलं, तिच्यापासून कोणाला लागण होणार नाही, असा निर्वाळा दिला, लावायला मलम दिलं. माझे हात पाहून म्हणाले, हे मात्र माणसांच्या डॉक्टरला दाखवा.

त्याच गुरुवारी दुपारी लेक आली. जड पावलांनी उंबऱ्याशी पोचली, पाण्याचा तांब्याही हातात घेतला नाही, आणि पहिला शब्द तोंडातून निघाला तो, "भुरी कुठं हाय?" हे माझ्याकडे पाहत होते आणि मी यांच्याकडे. तेवढ्यात भुरी ओट्याआडून निघाली. त्या वेळी आम्हा दोघांना काय वाटलं, ते मला लिहिता येणार नाही.

केस यायला तीन महिने लागले. आधी मऊ लव, मग हळूहळू तो जुना रंग. पोटावरचा एक रुपयाएवढा डाग मात्र कायमचा राहिला. पावसाळ्यात नात झाली तेव्हा भुरी बाजेखाली झोपत होती. लेकीने मला रबरी हातमोजे आणून दिले. तार काढताना ते नकोसे होतात, बोटांना तार कळत नाही. पण पाणी टाकताना घालते.

त्या बाईला नंतर नारळ आणि खण घेऊन भेटायला गेले. वाटलं होतं, सापडणार नाही. लोकांकडून ऐकलेल्या देवाच्या अनुभवांत तसंच होतं ना, की मदत करणारा पुन्हा दिसत नाही! पण ती त्याच झाडाखाली होती, मासे निवडत. मी पाया पडू लागले तर खो खो हसली. "मी कायची देव वं! माहे हात मासोळीनं वास मारून राहिले, पाहा!" खण मात्र घेतला. तिला देव म्हणा, योगायोग म्हणा, मी कोणाशी वाद घालत नाही. एवढ्या लांब काठावर मी दुसरीकडेही उतरले असते, आणि तिथे सोडा ओळखणारं कोणी नसतं. माझ्यापुरतं इतकं कळणं पुरे आहे. भुरीला परत आणल्यावर पहिल्याच सोमवारी मी अबोला सोडला होता. आधी मी महादेवाला काय करायचं ते सांगत होते. आता एवढंच म्हणते, बाबा, माझं मला दिसू दे.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. मुद्दाम टाळली होती. त्या बुधवारी रिक्षा दाराशी आली तेव्हा भुरीला ओढावं लागेल म्हणून मी दोरी घेऊन उभी होते. ती लागलीच नाही. मी बसले आणि ती आपण होऊन उडी मारून आत आली, सोललेलं अंग सावरत माझ्या पायांशी बसली आणि मान माझ्या गुडघ्यावर ठेवली. कुठे चाललो, काही विचारलं नाही. पुलापर्यंत तशीच होती. सगळं तुझ्यावर सोडलं, असं मी देवापुढे रोज म्हणत आले. सोडणं म्हणजे काय असतं, ते मी त्या दिवशी पाहिलं, आणि मी त्या भरवशाच्या लायकीची नव्हते.