पिंपातले दही-पोहे

सातपूरच्या बाजूला नोकरीत असतानाची एक घटना काही केल्या डोक्यातून जात नाही. गुन्हा म्हणाल तर किरकोळ. ठाणे अंमलदाराने अदखलपात्र नोंद करून तक्रार घेऊन आलेल्या मायलेकींना घरी पाठवले असते. पण गणपती तोंडावर आले होते आणि नुकसान झाले होते ते मूर्तींचे. अशा वेळी एक अफवा पुरते, म्हणून मी स्वतः निघालो.

तक्रारदार मुलगी आठवीत होती. वडील कंपनीत मशीनवर, आई लोकांकडे पोळ्या करायला जायची. मुलगी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये शाडूचे छोटे गणपती करून विकायची. तिला स्वतःच्या कमाईची सायकल घ्यायची होती. त्या दिवशी शाळेतून आली तर फळ्या रिकाम्या आणि शेजारच्या पाण्याच्या पिंपात सगळा गाळ. शाडू कच्चाच असतो, पाण्यात पडला की विरघळतो.

"सगळे बुक झाले होते, सर. लोकांना मी शब्द दिलाय," एवढेच ती म्हणत होती. रडत नव्हती, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

खबर लगेच मिळाली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी मला बाजूला घेतले. "साहेब, कोपऱ्यावरच्या मूर्तीवाल्याला उचला. रोज येऊन हिच्या फळ्यांकडे टक लावून बघतो." आपला मुलगा चित्रकलेच्या क्लासला जातो पण कौतुक मात्र या मुलीचेच होते, हेही त्यांनी ऐकवले. खबर देणाऱ्याच्या पोटात काय दुखते आहे ते आधी बघावे, ही आमची सवय.

तरी मूर्तीवाल्याला ठाण्यात आणून बसवले. निफाडकडचा गडी, हंगामापुरता शहरात आलेला. चहा दिला आणि विचारले.

"बघत व्हतो ना साहेब, खोटं कशाला बोलू? मी मंडप टाकून माशा मारतोय आन् त्या एवढ्याशा पोरीकडं गाड्या थांबत्यात. लय जळायचो. पण तिच्या मातीला हात नाय लावला."

इतक्या उघडपणे जळणारा माणूस सहसा चोरून काही करत नाही. पण तिकडे काही तरुण जमून त्याचा मंडप उलथवायची भाषा करत होते. तिथे शिपाई उभा केला, मूर्तीवाल्याला ठाण्यातच थांबायला सांगितले आणि मी पुन्हा पार्किंगमध्ये गेलो.

या वेळी पिंपात नीट वाकून पाहिले. गढूळ पाण्यावर पोहे तरंगत होते, दह्यात कालवलेले. मी चमकलो. विसर्जनाला निघालेल्या गणपतीला आपण दही-पोह्यांची शिदोरी देतो. पण या मूर्ती अजून कुणाच्या घरी बसल्याही नव्हत्या. धंदेवाल्याच्या लेखी ती नुसती माती, आणि नासधूस करायला आलेला माणूस शिदोरी कशाला आणेल? हात लावताना ज्याला भीती वाटली, त्याचेच हे काम होते.

मुलीला सहज विचारले, "तुमच्याकडे विसर्जन कोण करतं गं?"

"पप्पा. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. दही-पोहेसुद्धा तेच कालवतात..." तिने पिंपाकडे पाहिले आणि पुढचे बोलायची राहिली.

रात्रपाळी करून दिवसभर झोपलो होतो, असे वडिलांनी आधी सांगितले होते. त्यांना ठाण्यात आणून एकट्याला समोर बसवले. "पोहे कुणी कालवले?" एवढेच विचारले. ते भडाभडा बोलू लागले.

"सगळी बिल्डिंग तिचंच नाव घेते, साहेब. मला 'गणपतीवालीचे पप्पा' म्हणतात. माझा ओव्हरटाइम बंद झाला, ते कुणी विचारत नाही. आज खाली आलो तर एक बाई मलाच म्हणाल्या, ताई नाहीये का, मग नंतर येते. डोकंच फिरलं. सायकलचं तर तिनं मला विचारलंसुद्धा नाही. मी 'नाही'च म्हणालो असतो. पण विचारायचं तरी ना!"

स्वतःच्या लेकीवर जळणारा बाप मी पहिल्यांदाच पाहत होतो. राग आला आणि कीवही. मूर्तीवाल्याची त्यांना माफी मागायला लावली, त्याला सोडले आणि मुलीला बोलावले. तक्रार पुढे न्यायची का, विचारले. ती वडिलांकडे वळली.

"पोहे का घातले?"

"बाप्पाला उपाशी कसं पाठवू?"

तिने तक्रारीला मानेनेच मला नको म्हटले. मग वडिलांना म्हणाली, "गाळ वाया जात नाही. पाणी काढून मळला की परत मूर्ती होते. माझे हात पुरणार नाहीत, तुम्ही मळा. आणि ड्युटीवरून आलात की झोपायचं नाही."

रंगवायला वेळ उरला नाही. लोकांनी बिनरंगाचे गणपती नेले, कुणी कुरकुर केली नाही. मूर्तीवाल्याने आपला पंखा मूर्ती वाळवायला दिला, पण हंगाम संपताच परत पाहिजे, असे बजावून.

हेवा आपण बाहेरच्या माणसात शोधतो आणि तो आपल्याच घरात, ताटाला ताट लावून जेवत असतो, हे या प्रकरणाने शिकवले. पुढच्या वर्षी मुद्दाम तिकडून गेलो. सायकल खांबाला टेकवलेली होती. बाप कोपरापर्यंत मातीत.

"साहेब, हिला अजून माझा हात पसंत नाही. गुठळ्या राहतात म्हणते," तो फुरंगटून म्हणाला. पण चेहरा फुलला होता.

खरे सांगतो, त्या माणसाचा मला हेवा वाटला. माझ्या मुलाने मागितले ते सगळे मी आणून दिले. बाबा, जरा हाताशी या, असे मात्र त्याने मला एकदाही म्हटले नाही.