चिलापीवर आलेला आळ

नव्वदच्या दशकात भिगवणला कुणाच्या अंगावर पित्त उठलं की आळ माशावरच यायचा. आमचं तर हायवेला मासळीचंच हॉटेल. इन्सुलिन सुरू झाल्यावर माझ्या मांडीवर, सुई टोचल्या जागी, तांबड्या गांधी उठायला लागल्या, तेव्हा सासूबाईंनी डॉक्टरच्या आधीच निकाल देऊन टाकला.

"चिलापी बंद कर. इंजेक्शन आन् मासं एकमेकांला मानवत न्हाईत."

मी बंद केली. उजनीच्या काठावर राहून वरण-भात गिळला. गांधी काही हटल्या नाहीत. एका सकाळी तर सुई घेतल्यावर अंगभर उठल्या, ओठ सुजला, धाप लागली. मग अख्खं घर इंजेक्शनवरच उलटलं. "सोड ते. गोळ्या खा."

गोळ्यांवर माझं काय झालं होतं ते मी विसरले नव्हते. उभी वाळले होते, लेकीला कडेवर घ्यायचंही बळ उरलं नव्हतं. मला जगायचं होतं.

"सोडणार नाही. मला सोसेल असं शोधणार," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी बारामतीची एसटी धरली. सासूबाई कुरकुरत का होईना, सोबत आल्या.

तिथल्या डॉक्टरांनी हातावर वेगवेगळं इन्सुलिन थेंबभर टोचून पाहिलं. माझं जुनं, जनावरांपासून काढलेलं, त्याची जागा लगेच फुगली. माणसाच्या इन्सुलिनसारखं बनवलेलं नवं आलं होतं, त्याची जेमतेम लाल झाली. मग दवाखान्यात ठेवून घेऊन तेच पातळ करून, कणाकणानं वाढवत दिलं. उशाशी धोक्याच्या वेळचं इंजेक्शन भरून ठेवलेलं. दर सुईला मी हात पुढे करत राहिले.

"आन् मासा?" सासूबाईंनी डॉक्टरांना विचारलं.

"खाऊ द्या की. माशाचा काय संबंध?"

सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं.

घरी आल्यावर सुई माझी मलाच टोचायची होती, आणि शेजारी डॉक्टर नव्हते. सासूबाईंनी चिलापीचा रस्सा वाढून ठेवला. मी टोचून घेतलं. त्यानंतर जेवायला जरा थांबावं लागायचं. तेवढा वेळ आम्ही दोघी माझ्या मांडीवर नजर लावून बसलो. कातडी होती तशीच राहिली.

"आणखी वाईच थांब." त्यांनी ताटावर हात आडवा धरला.

"आता नाही थांबायचं, आत्या," म्हणत मी ताट ओढलं. चिलापी पार गार झाली होती. मी ती शेपटीपर्यंत खाल्ली.