जुन्या कॉम्प्युटरची घरघर

मला दम धरवत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्या वर्षी तर बूड एका जागी टेकत नव्हतं. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावजत्रेला, आमच्या गावात नाटक असतं. नाटक मंडळाच्या मालकानं सांगितलं होतं, दोन गाण्यांचं संगीत कॉम्प्युटरवर करून आण, आवडलं तर पुढच्या सगळ्या गावांत तूच. नाही जमलं तर नागपूरला मामांनी गोदामात काम बघून ठेवलंच होतं. मला गोदाम नको होतं. मला गाणी करायची होती, आणि तीही सडक अर्जुनीजवळच्या आमच्या घरातच.

नवा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. शहरात, कुडव्याच्या रस्त्यावर जुने कॉम्प्युटर विकणारा एक जण होता. त्यानं दोन समोर ठेवले. एक शाळेतून आलेला, मंद. दुसरा बंद पडलेल्या नेट कॅफेतला, वेगवान, मेमरी दुप्पट. मी यष्टीनं चकरा मारत राहिलो. आज हा, उद्या तो. जेवतानाही डोक्यात मेमरीच. शेवटी दुकानदार कंटाळला. "लेना है तो लो भैया, गाना बजाके देख लो." मोठे स्पीकर लावून त्यानं दुकान हादरवलं. आमच्याकडे पारखायची रीतच ही. लग्नातला धुमाल बँड असो की घरचा टीव्ही, मोठ्यानं वाजलं म्हणजे माल चांगला. बाहेर टेम्पो, शेजारी जनरेटर. मी नेट कॅफेवाला उचलला.

घरी माईक लावून पहिली ओळ रेकॉर्ड केली. ऐकली, तर माझ्या आवाजामागे पंख्याची घरघर, धानाची गिरणी चालावी तशी. पंखा पुसला. कॉम्प्युटरच्या डब्यावर गोधडी टाकली, तर तो तापून बंदच पडला. दुकानदार परत घेईना. संगीतासाठी मशीन घेतली आणि दुकानातल्या गोंगाटात नेमका तिचाच आवाज ऐकला नाही. राग माझाच मला आला होता, पण तो मी आईवर काढत होतो.

बाबांना माझ्या या नादाचं कधीच कौतुक नव्हतं. मामाला हो म्हण, एवढंच ते म्हणत. ओसरीतून मला बघत होते.

"काऊन फणफणून राहिला बे?"

"मशीन ओरडून राहिली बाबा. गाण्यात तिचाच आवाज येते."

"मंग तिले पल्याड ठेव."

"वायर कशी जाईन? मधात भित हाये."

ते उठले, गोठ्यातून सब्बल, लोखंडी पहार, आणली आणि माझ्या नि त्यांच्या खोलीमधल्या मातीच्या भिंतीला मूठ जाईल एवढं भोक पाडलं. भिंत नुकतीच सारवलेली. आई बडबडत राहिली. मी लांब वायरी आणल्या. मशीन बाबांच्या खाटेशेजारी गेली, पडदा आणि माईक माझ्याकडे राहिले. आता रेकॉर्डमध्ये फक्त गाणं होतं. मला रडूच आलं.

दुपारी बाबा जेवून त्या घरघरीजवळच आडवे व्हायचे. खाट ओसरीत टाका, आई म्हणाली. त्यावर बाबा म्हणाले, "तिकडं पडलो तं हा काम करून राहिला का नाई, कसं समजन?"

मालकानं गाणी अजून ऐकलीही नव्हती, तेव्हा मामांचा फोन आला. बाबांनीच घेतला.

"नाई येत तो," ते म्हणाले. "त्याले इथं काम हाये."