बसलेला आवाज आणि सकाळची पॅसेंजर

आधी डॉक्टरीणबाईंचं सांगतो, मग माझं. नाव कुठं लिहायचं नाही, असं त्यांनीच मागं एकदा बजावलं होतं, म्हणून नुसतं डॉक्टरीणबाई. दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. यजमान रेल्वेत. बाई रोज सकाळच्या पॅसेंजरनं पुण्याला जायच्या, तिथल्या एका सरकारी दवाखान्यात. कॅन्सरवर शेक देतात त्या विभागात त्या मोठ्या डॉक्टर होत्या. मी आज चार शब्द बोलतो ते त्यांच्यामुळं. जिवंत आहे तेही त्यांच्यामुळंच, पण मला आधी बोलण्याचंच आठवतं.

माझं गाव किनवटच्या पुढं, जंगलाच्या कडेला. आठवीत शाळा सुटली आणि गावातल्या एकाच्या मागं मागं मी शिरूरला आलो. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात लागलो तो निव्वळ आवाजावर. मालक म्हणाला, "अंगात काय न्हाई, पर गळा हाय गड्या." बाहेरच्या बाकड्यावरून "दोन चहा, एक मिसळ, तर्री जादा" म्हटलं की आत भट्टीपाशी भांडी घासणाराही मान वर करायचा. पुढं रस्ता रुंद झाला, हॉटेल त्यात गेलं. न्हावऱ्यावरून जाणारी एसटी धरली आणि दौंडला उतरलो.

दौंडला गाड्यांचं इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावतात, त्यामुळं गाडी बराच वेळ थांबते. चहावाल्याला एवढं पुरतं. किटली घेऊन मी फलाटभर फिरायचो; माझी एक हाक आठ डबे ऐकायचे. माझ्याबरोबर उकडलेली अंडी विकणारे एक चाचा होते, दौंडचेच, बापजाद्यांपासूनचे. माझं इथं कुणी नव्हतं, म्हणून मी त्यांना चिकटलेला.

एका उन्हाळ्यात आवाज बसला तो उठेचना. मी मूळचा घाबरट. दार वाजलं तरी छातीत धस्स होणारा माणूस. पण याची भीती वाटली नाही. ओरडणाऱ्याचा आवाज बसायचाच. मध चाटला, ज्येष्ठमध चघळलं, आणि त्यावर तंबाखूही चालूच.

चाचा म्हणायचे, "काय रे, गळ्याला गंज चढला काय? तुझ्यापेक्षा माझी अंडी मोठ्यानं बोलतेत."

डॉक्टरीणबाई लेडीज डब्याच्या खिडकीतून माझ्याकडून चहा घ्यायच्या. डॉक्टर आहेत हे फलाटाला ठाऊक होतं, कशाच्या ते नव्हतं. एक दिवस कप हातात घेऊन म्हणाल्या, "आवाज कधीपासून बसलाय तुमचा?"

"ओरडून ओरडून बसलाय, मॅडम."

"ते नाही विचारलं. कधीपासून?"

"झाले असतील दोनेक महिने."

"उद्या माझ्याबरोबर चला. दाखवून घेऊ."

बरं म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशीपासून लेडीज डबा टाळायला लागलो. तो डबा आला की मी गाडीच्या दुसऱ्या टोकाला. चाचांना यात मोठी मजा यायची. "आली बघ तुझी डॉक्टरीण! पळ, सुई हाय हातात!" असं फलाटभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडायचे. पण शेवटी त्यांनीच दगा दिला. एका सकाळी माझी कॉलर धरून मला खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाले, "मॅडम, हा घ्या तुमचा चोर. किटली मी सांभाळतो."

गेलो. घशात आरसा घातला, तुकडा काढून तपासायला दिला. आठवड्यानं बाईंनी मला समोर बसवलं. आडून आडून बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"कॅन्सर आहे. आवाजाच्या पट्टीवर, लहान आहे. लवकर सापडलाय."

मला फक्त पहिला शब्द ऐकू आला. आणि विचारलं ते भलतंच, "मॅडम, ओरडता येईल का?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "एवढ्या लहान गाठीला शेक पुरतो, पट्टी कापावी लागत नाही. बोलता येईल असं मी धरून चाललेय. ओरडायचं पुढं बघू. पण रोज यायचं. शनिवार-रविवार मशीन बंद, तेवढी सुट्टी. मधे खंड पडला तर गाठीला उसंत मिळते. आणि तंबाखू आजपासून बंद."

पुडी मी चाचांकडं ठेवायला दिली. त्यांनी ती माझ्यादेखत रुळांत फेकली.

शेकात भाजत नाही. मशीनखाली निजायचं, आणि डोळ्यांना न दिसणारा किरण गळ्यावर पडतो. पण मान जराही हलता कामा नये. म्हणून गरम पाण्यातून काढलेली मऊ जाळी तोंडावर दाबून बसवतात. ती निवली की आपल्याच चेहऱ्याचा साचा होतो. रोज तो चढवायचा आणि टेबलाला पक्का करायचा. मग सगळे बाहेर जातात, जाड दार लागतं, आत आपण एकटे. पहिल्या दिवशी दार लागताच मी हात झाडायला लागलो. मशीन थांबवून साचा काढला. बाई आल्या, स्टूल ओढून बसल्या.

"घाबरलात?"

मान हलवली.

"घाबरा. घाबरायला बंदी नाही, हलायला बंदी आहे. बाहेर टीव्हीवर तुम्ही आम्हाला दिसता. नुसता हात वर करा, मशीन बंद करून मी आत येते. करून बघा."

पुन्हा साचा, पुन्हा दार. मी हात वर केला. दार उघडलं, बाई आत आल्या. खरंच येतात का, हेच मला बघायचं होतं. त्यांनाही ते कळलं असावं. "झाली खात्री?" एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मी हात वर केला नाही.

मग माझं रोजचं ठरून गेलं. सकाळी पॅसेंजरला बाई लेडीज डब्यात, मी जनरलमध्ये. दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत त्यांचं काम बघत बसायचो. मला वाटायचं, एवढी मोठी डॉक्टर, मशीन चालवत असेल. मशीन दुसरे चालवायचे. बाई किरण कुठून, किती, हे ठरवायच्या, गळे तपासायच्या, आणि उरलेला वेळ माणसांशी भांडायच्या. "काल का नाही आलात?" "पाहुणे होते." "पाहुण्यांना घेऊन यायचं!" एकदा मला म्हणाल्या, "माझं निम्मं काम हेच. माणूस उद्या परत यायला हवा."

सुरुवातीचे आठवडे बरे गेले. मग गळा काळा पडला, पाण्याचा घोट काट्यासारखा उतरायला लागला, आणि एका सकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. होता तो घोगरा आवाजही गेला. असं होणार, हे बाईंनी आधी सांगितलं होतं. पण सांगितलेलं वेगळं आणि स्वतःच्या तोंडातून हवा निघणं वेगळं. माझ्या मनानं घेतलं, यांच्या किरणानं माझा आवाज जाळला. आता मुका होऊन परक्या गावात मरण्यापेक्षा आईपाशी जाऊन मरावं. दोन दिवस शेकाला गेलो नाही. संध्याकाळच्या गाडीनं मनमाडला आणि तिथून पुढं नांदेडकडं, असं ठरवून टाकलं. चाचांना खुणेनं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, म्हणून मला वाटलं पटलं त्यांना.

तिसऱ्या दिवशी सकाळी पॅसेंजर लागली. मी किटली घेऊन खांबाआड. माझा चहा त्या दिवसांत चाचाच ओरडायचे, "अंडेऽ, गरम चाऽय!" बाई डब्यातून उतरल्या. सरळ माझ्याकडं आल्या; चाचांनी बोट दाखवलं होतं. गाडीनं शिट्टी दिली. मी हातानं खुणावलं, जा, गाडी सुटते. गाडी सुटली. बाई बाकावर बसल्या.

"बसा."

मी बसलो. गळ्याकडं बोट केलं आणि मूठ उघडून दाखवली, काही उरलं नाही म्हणून.

"आवाज नक्की येईल अशी शपथ मी घेणार नाही," बाई म्हणाल्या. "बऱ्याच जणांचा येतो. शेक संपल्यावर सूज उतरते, मग येतो. पण आता सोडलंत तर गाठ राहील, आणि मग कापण्याशिवाय माझ्या हातात काही उरणार नाही. तेव्हा मात्र आवाज नक्की जाईल. घरी जायचं तर जा. पण हे कळून जा."

डोळ्याला पाणी आलं आणि ते लपवायला माझ्याकडं बोलणंही नव्हतं. तेवढ्यात चाचा आले, किटली हिसकावली आणि म्हणाले, "म्हंजी आता मॅडमनी तुला खांद्यावर घ्यायचा का? चल, पुढची गाडी धर! आन् मनमाडचं तिकीट काढलंस, तर त्याच गाडीपुढं ढकलीन."

पुढच्या गाडीनं गेलो. बाई माझ्याबरोबर जनरलमध्ये, खिडकीपाशी उभ्या. दवाखान्यात पोचलो तर रांग व्हरांड्याच्या बाहेर आलेली. एक म्हातारबा काठी आपटून म्हणाले, "डॉक्टर आत्ता येतात व्हय? आमी पहाटंपासनं बसलोय. आमचा जीव काय रस्त्यावर पडलाय?"

"चुकलं, आबा. उशीर झाला. या, तुम्हालाच आधी बघते," बाई म्हणाल्या. कारण सांगितलं नाही. मी त्यांच्या मागंच उभा होतो. माझ्यामुळं झालं, आबा, एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं. हवा आली. आबांना वाटलं, मी जांभई दिली. त्यांनी माझ्याकडंही डोळे वटारले.

चुकलेले दिवस बाईंनी पुढं जोडून दिले. शेक पुरा झाला. त्यानंतरही कितीतरी दिवस मी मुकाच. रोज सकाळी नळावर जाऊन कुणाला दिसणार नाही असं "आ" करून बघायचो. एकदा चाचांना अंड्यांची टोपली उचलून देत होतो, हात सटकला आणि तोंडातून निघालं, "अरे अरे!" जाडसर, चिरका, पण आवाज. टोपली गेली. अर्धी अंडी फलाटावर. चाचा खाली बसून ती वेचत होते, आणि वेचता वेचता मला शिव्या देत होते, आणि रडत होते.

पहिल्यासारखा गळा झाला नाही. आठ डबे काय, एक डबाही ऐकत नाही आता. म्हणून शिरूरला परत आलो, मार्केट यार्डाच्या बाहेर चहाची टपरी टाकली. इथं ओरडावं लागत नाही, कांदा घेऊन आलेला माणूस आपणच येऊन थांबतो. तपासणीला वर्षानुवर्षं जात राहिलो. आभार मानायला लागलो की बाई तोडायच्या, "आ करा." आ केलं की आभार कसले मानता येतात?

आता त्या निवृत्त झाल्यात, पुण्याला असतात. गुडघे दुखतात, एकट्यानं बाहेर पडणं कमी झालंय, असं चाचांकडून कळलं. मॅडम, हे तुमच्या वाचनात आलं तर ऐका. तुम्हाला कुठं रोज जावं लागलं, दवाखान्यात म्हणा, लेकीकडं म्हणा, तर मला निरोप द्या. टपरी बंद ठेवून येईन, हाताला धरून नेईन, परत आणून सोडीन. आणि कुणी विचारलं उशीर का झाला, तर या वेळी मी बोलेन. एक दिवस ही फेड मी करणार आहे.