पाव घोड्याची भीती

फरीदाबादच्या आमच्या कारखान्यात जूनमध्ये पत्र्याखाली इतकं तापायचं की टेबलावरची मेणबत्ती दुपारपर्यंत वाकून नमस्कार करायची. मेणबत्ती खोटी वाटली तर सोडून द्या. माझी भीती मात्र अस्सल होती.

तेव्हा सगळ्यांनाच घाई झाली होती. रोज नवी मोटरसायकल बाजारात, पलीकडे गुरगावात मोहरीच्या शेतातून काचेच्या इमारती उगवत होत्या. मी प्रोबेशनवर. नव्या इंजिनाची ताकद मोजायची आणि कागदावर सही करायची, एवढंच काम. इंजिनाला पाण्याचा ब्रेक जोडलेला असायचा. इंजिन त्याला फिरवू बघायचं, ब्रेकचा दांडा वजनकाट्यावर दाबायचा. तो दाब आणि इंजिनाचे फेरे यांच्या गुणाकारातून हॉर्सपॉवर निघायची. वर एक सवलत होती. गरम हवा विरळ, तिच्यात इंजिनाचा दम कमी पडतो. म्हणून खोलीचं तापमान बघून आकडा थोडा वाढवायचा, म्हणजे पंचवीस डिग्रीला किती आला असता ते कळायचं.

आमचा आकडा आला अकरा. जनरल मॅनेजरांनी पाठीवर अशी थाप मारली की दोन दिवस मला फक्त स्वतःचे बूट दिसत होते. अकरा हॉर्सपॉवरचं जाहिरातपत्रक तिसऱ्या दिवशी छापायला जाणार होतं.

त्याच सकाळी चाचणीच्या खोलीतल्या कूलरचा पाण्याचा पंप बंद पडला. मी इंजिन चालवलं. पावणेअकरा. पुन्हा चालवलं. पावणेअकरा!

"काका, इंजिनाला काय झालं हो?"

काका म्हणजे आमचे फिटर, साताऱ्याचे, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. म्हणाले, "इंजिनाला काय धाड भरलीय? तोंड तुमचं पांढरं पडलंय, साहेब. थांबा, आधी तुम्हाला गार करतो."

त्यांनी कूलरच्या गवतावर बादलीभर पाणी ओतलं, पंखा लावला. थोड्या वेळाने मी इंजिन चालवलं, हिशेब केला. अकरा.

"बघा! यालाबी आपल्यासारखाच कूलर लागतो."

ते हसले आणि मी खोलीभर नजर फिरवली. कूलरचं तोंड सरळ इंजिनाकडे होतं. थर्मामीटर लटकत होता पलीकडच्या तापलेल्या भिंतीवर, चव्वेचाळीस दाखवत. इंजिन गार हवा पीत होतं आणि मी चव्वेचाळीसची सवलत देत होतो. पोटभर जेवलेल्याला उपाशी समजून पुन्हा वाढत होतो. वरचा पाव घोडा आमच्या कूलरचा होता आणि खाली सही माझी.

"काका, कुणाला कळणार आहे?"

"मला काय विचारता? मी आपला बादलीवाला. सही तुमची हाय."

मॅनेजरांच्या केबिनपर्यंत चाळीस पावलं होती. मला ती चार कोस वाटली. गुडघे असे वाजत होते की वाटेतल्या लेथवाल्याने आपलं मशीन बंद करून तपासलं.

"क्या हुआ? साँप देख लिया?"

"सर... ग्यारह नहीं है. पौने ग्यारह है."

ते उठले. खोलीत आले, थर्मामीटर स्वतः काढला, इंजिन हवा ओढतं त्या कार्बोरेटरच्या तोंडाशी सुतळीने बांधला. "चलाओ."

कूलर चालू, इंजिन चालू. थर्मामीटर तिसाला उतरला. मी हिशेब करत होतो आणि घामाचे थेंब आकड्यांवर पडत होते. पावणेअकरा.

"और किस किस को पता है?"

माझी नोकरी, भाड्याची खोली, गावाकडे पेढे वाटून बसलेली आई, सगळं डोळ्यांपुढून धावत गेलं. मी काकांकडे बोट केलं. काकांनी बादलीसकट सलाम ठोकला.

मॅनेजर मिशी ओढत म्हणाले, "प्रिंटर को फोन लगाओ. और ये कूलर मेरे केबिन में रखवा दो."

उरलेला जून काका आणि मी त्या भट्टीत शिजलो. पत्रक छापून आलं तेव्हा मी ते एक डोळा मिटून उघडलं. १०.७५ होतं. मग दुसरा डोळा उघडला.