पुलाखालचे गोटे

मंजुरीचं पत्र आलं धाकटीच्या नावानं, पण हातात पडलं थोरलीच्या.

टपालवाल्यानं बेल वाजवली तेव्हा खालच्या मजल्यावर तीच होती. पाकिटावरचा शिक्का तिनं लांबूनच ओळखला. न ओळखायला काय झालं? त्याच शिक्क्याची पाच पाकिटं तिच्या कपाटात पडून होती, पाचही नकाराची. ती सगळी पातळ होती आणि हे चांगलं जाडजूड. नकाराला एक कागद पुरतो. होकारासोबत नियम, अटी आणि चार फॉर्म येतात, एवढं तिला पाकीट न उघडताच कळलं.

धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. ती वरच्या मजल्यावर राहायची. थोरलीनं वर पोचवलेलं पाकीट फोडून ती जिन्यावरून धावतच खाली आली आणि थोरलीच्या गळ्यात पडली.

"ताई, मिळालं! नदीचं अनुदान मिळालं!"

"अरे वा," थोरली म्हणाली. "छान झालं हो."



थोरली कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होती. बावीस वर्षं बरण्या धुणं, काचपट्ट्या पुसणं, बेडकाचा सांगाडा दर वर्षी नव्या मुलांपासून वाचवणं हे तिचं काम. नदीचं वेड मात्र तिचं स्वतःचं. त्या नदीत बोटभर लांबीचा, अंगावर दोन काळ्या रेघा असलेला एक मासा होता. सगळे त्याला पट्टेरी म्हणायचे. तिच्या लहानपणी पाण्यात पाय सोडले की पट्टेरींचा घोळका येऊन तळव्यांना गुदगुल्या करायचा. आता वर्षभरात दहा-बारा दिसले तरी खूप. असं का झालं, ते तिनं एकटीनं शोधून काढलं होतं. नऊ वर्षं दर रविवारी दोरीला बांधलेला थर्मामीटर, एक भिंग आणि वही घेऊन ती नदीवर जायची. पट्टेरी अंडी घालतो ती गोट्यांच्या फटींत, जिथं वाहतं पाणी खेळतं तिथं. ते गोटे लोकांनी बांधकामांसाठी उपसून नेले होते, आणि तळाशी उरला होता नुसता गाळ. गोटे परत आणून टाका, काठावर सावलीची झाडं लावा, मासे परत येतील. एवढंच तिचं मागणं होतं.

पण मागता यावं लागतं. फॉर्ममध्ये प्रश्न असायचा, "या कामामुळे समाजात कोणता बदल घडेल?" तिथं ती पाण्याच्या तापमानाचा तक्ता चिकटवायची. उत्तर यायचं, "आपला अर्ज अभ्यासपूर्ण आहे, तथापि..." त्या 'तथापि'वर तिचा इतका राग होता, की वर्तमानपत्रात तो शब्द दिसला तरी ती पान उलटायची.

"अगं, घरात अर्ज लिहिणारी बसलीय," तिचा नवरा म्हणायचा. त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान होतं, आणि अडलेलं दार उघडायला कुणाला बोलवायचं हे त्याला बरोबर ठाऊक असायचं. "तिला दाखव की एकदा."

खरंच होतं ते. नोंदणी कार्यालयाच्या फाटकाबाहेर टेबल-खुर्ची टाकून धाकटी लोकांचे अर्ज लिहून द्यायची. ज्याला स्वतःचं म्हणणं धड सांगता येत नाही, त्याचं म्हणणं ती अर्ध्या पानात असं बसवायची की साहेबाला सही करावीच लागे. थोरलीलाही ती एकदा म्हणाली होती, "ताई, मी बघू का तुमचा अर्ज?"

"तुझे ते घरपट्टीचे अर्ज वेगळे," थोरली म्हणाली होती. "हे शास्त्रीय काम आहे."

 पुढं नदीकाठच्या रहिवासी मंडळाचे लोक त्याच नदीच्या कामासाठी धाकटीकडे, तिच्याच नावानं, अर्ज लिहून घ्यायला आले, तेव्हाही ती आधी खाली येऊन विचारून गेली. "ताई, तुमचं नाव सल्लागार म्हणून घालते हं."

"माझं नाव कुठंही घालू नकोस," थोरली फणकारली होती.

आणि धाकटीनं ते खरंच घातलं नव्हतं. मंजूर अर्जाची प्रत हाती आल्यावर थोरलीनं पहिल्यांदा तेच शोधलं. पुढून मागं, मागून पुढं चाळलं. नाव नव्हतं. नको म्हटलं म्हणून काय खरंच घालायचं नाही?

मग तिनं अर्ज वाचला, आणि तिथं तर तिचा अगदी जळफळाट झाला. अर्ज सुरेख होता. 'समाजात काय बदल घडेल' याच्या उत्तरात धाकटीनं लिहिलं होतं, "ज्या नदीत पाय सोडले की मासे जवळ येतात, त्या नदीत कुणी कचरा टाकत नाही." ही गुदगुल्यांची गोष्ट थोरलीनंच जेवताना शंभरदा सांगितली होती. पण तिला ती अशी कधी लिहायला सुचली नव्हती.

आठव्या पानावर मात्र तिची नजर अडखळली. गोटे टाकायची जागा दाखवली होती पुलाखाली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावं म्हणून मंडळाला तीच हवी होती. पण पुलाखाली नदी पसरते, पाणी सुस्तावतं आणि गाळ खाली बसतो. योग्य जागा वळणाच्या वर होती, जुन्या पंपघराशी, ओढ असलेल्या पाण्यात. जगात हे ठाऊक असलेलं माणूस एकच होतं.

धाकटीनं विचारलंसुद्धा. "पुलाखाली चालेल ना, ताई?"

"चालेल की," थोरली म्हणाली. हातातली बरणी ती पुन्हा एकदा पुसत राहिली.

आठ दिवसांनी धाकटीनं परत विचारलं. "नक्की ना? मला त्यातलं काही कळत नाही."

"तुम्ही हुशार मंडळी. मी काय सांगणार?"

गोटे पडले. मंडळाचे अध्यक्ष बोलले, टाळ्या झाल्या, वर्तमानपत्रात फोटो आला. त्यात मधोमध धाकटी होती. कडेला अर्धा खांदा दिसत होता तो थोरलीचा. "मासेवाल्या बाई" असं काही लोक आता धाकटीला म्हणू लागले. पट्टेरीचं तोंड कुठलं नि शेपूट कुठलं हे तिला शेजारून सांगावं लागे, आणि ती मासेवाली बाई! थोरलीला अन्न गोड लागेना.

महिन्याभरानं नदी एकदा चढली आणि उतरली. पाणी निवळल्यावर थोरली पुलाखाली गेली. हवं होतं तेच झालं होतं. गोट्यांवर चार बोटं गाळ बसला होता. तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, अंगावरून मोरपीस फिरावं इतकं बरं वाटलं. पुढच्या रविवारी मुद्दाम परत बघावं म्हणून ती आली, आणि त्या दिवशी तिथं पट्टेरी होते.

एक-दोन नव्हे, तीस-चाळीस. इतके तिनं नऊ वर्षांत कधी पाहिले नव्हते. गोट्यांच्या आशेनं आले होते. शेपटीनं गाळ उडवत होते, फट शोधत होते, उडालेला गाळ पुन्हा तिथंच बसत होता. काहींनी नाइलाजानं त्यावरच अंडी घातली होती. थोरलीनं चिमूटभर गाळ तळहातावर घेऊन भिंगाखाली धरला. जिवंत अंडं काचेसारखं असतं. ही सगळी पांढरी पडली होती, गुदमरून मेली होती.

ती तिथंच ओल्या काठावर बसली. मासे पांढऱ्या अंड्यांवरून फिरत राहिले.

सोमवारी तिनं कॉलेजातून अर्धी रजा काढली आणि थेट नोंदणी कार्यालयाचं फाटक गाठलं. धाकटीसमोर सात-आठ माणसांची रांग होती. थोरली रांगेतच उभी राहिली. नंबर आल्यावर धाकटी मान वर न करता म्हणाली, "बोला, कशाबद्दल आहे?" आणि मग दचकलीच. "ताई? घरी काही झालं का?"

"पुलाखालची जागा चुकीची आहे. तिथं गाळ बसतो. अंडी मेली सगळी."

"तुम्हाला आज कळलं?"

"नाही. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

धाकटीनं पेनाचं टोपण लावलं. "मी विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"दोनदा."

"हो."

"मग?"

मागे रांगेतला एक म्हातारा कान टवकारून ऐकत होता. थोरलीनं त्याच्यासमोरच सांगून टाकलं. "मला तुझा हेवा वाटला गं. फार."

धाकटी रागावली, की तिचा आवाज चढत नसे. उलट उतरत असे. तिनं कोरा कागद पुढं ओढला आणि अगदी हळू म्हणाली, "काम दुसऱ्या जागी हलवायचं तर परवानगी मागावी लागेल. कारण काय लिहू?"

"सल्लागारानं चुकीचा सल्ला दिला, असं लिही."

"सल्लागार कोण?"

"मी."

धाकटीनं शब्द मवाळ केले नाहीत. थोरलीचं पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, 'माहीत असूनही सांगितले नाही' हेही लिहिलं, आणि कागद सहीसाठी फिरवला. नऊ वर्षं ज्या फाईलमध्ये जायला तिचं नाव तडफडत होतं, त्या फाईलमध्ये ते असं गेलं.

पुढं दीड महिना धाकटी तिच्याशी कामापुरतंच बोलली. थोरलीच्या नवऱ्यानं मधे पडायचा प्रयत्न केला, तर दोघींनी मिळून त्यालाच गप्प केलं. परवानगी आली तेव्हा मंडळाचे लोक, थोरली, धाकटी सगळ्यांनी गोटे पाट्यांत भरून पंपघराशी वाहिले. कंबरभर पाण्यात उभं राहून थोरली ओरडत होती, "असे नको, सैल टाका, फट राहू दे!" आणि धाकटी निमूटपणे तसे टाकत होती. पुढच्या मोसमात तिथं काचेसारखी अंडी सापडली. फार नव्हती. थोरलीनं मोजली, चौऱ्याहत्तर.

यंदा नदीच्या वरच्या टप्प्यासाठी नवा अर्ज करायचा ठरलं. दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. थोरली सांगत होती, धाकटी लिहीत होती.

"थांबा, थांबा. तक्ता नंतर. गाळात अंडी घालणारा मासा दिसतो कसा, ते सांगा."

थोरलीनं सांगितलं. बराच वेळ लागला, दोनदा अडखळली. धाकटीनं ते दोन ओळींत उतरवलं आणि वाचून दाखवलं: "तो चुकीच्या जागी येत नाही. त्याच्या जागेचं आपण वाटोळं करून ठेवलेलं असतं."

थोरली त्या ओळींकडे बघत राहिली. डोळ्यांनी पाहिलं होतं तिनं, आणि शब्द सुचले हिला. तोच जुना हेवा पुन्हा वाटला, अगदी पहिल्याइतकाच.

"बरोबर आहे ना, ताई?" धाकटीनं विचारलं.

"बरोबर आहे," थोरली म्हणाली. "फक्त 'जागेचं' नको, 'तळाचं' लिही. मासा तळ बघून येतो."

धाकटीनं शब्द खोडला आणि नवा लिहिला.