आईची दुपार

ऐकू येईनासं झाल्यापासून आई दुपारभर दाराकडे तोंड करून बसायची. घरी एकटी, म्हणून आतून कडी लावलेली. मी शाळेत शिकवून परतले आणि बेल तिला ऐकूच आली नाही, तर मी बाहेर ताटकळेन, ही तिची धास्ती. निदान दार हललेलं तरी दिसावं, म्हणून ती नजर हटवायची नाही.

गेल्या आठवड्यात मी तिच्या फोनवर घरातले आवाज ओळखण्याची सोय सुरू केली. बेल वाजली की आता तो थरथरतो.

काल मी बेल वाजवली, तर दार उघडायला चांगली दोन मिनिटं लागली. मग कडी निघाली. आईचे केस विस्कटले होते आणि गालावर उशीची घडी उमटली होती.

"झोपले होते गं," ती ओशाळून म्हणाली. "उशीखाली फोन हलला, तेव्हा जाग आली."

किती वर्षांनी ती दुपारची झोपली होती! तिचं ते वाट बघणं मला प्रेम वाटायचं, आणि ते होतंच. पण त्यापायी ती किती दमत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

"पड अजून जरा. चहा मी टाकते," तिला ओठ दिसतील असं सावकाश मी म्हणाले.

एरवी "नको गं" म्हणणारी आई खरंच आत जाऊन पडली.